तक्त्यातली रिकामी ओळ

सावेडीतल्या माझ्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाबद्दल सांगायचं मी कायम टाळत आलो. आता पंच्याहत्तरी उलटली, तेव्हा सांगून टाकतो. दारं-खिडक्यांचा तक्ता इतक्या मायेनं आखणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

हा तक्ता नकाशाच्या कोपऱ्यात असतो. कोणतं दार, किती रुंद, किती उंच. सुतार नकाशात डोकं घालत नाही, तक्ता बघतो. कॉम्प्युटर तो आपोआप करून देतो. नकाशात दार बदललं की तक्त्यातही बदलतं. आमच्या तक्तेवाल्यांना हे पटायचं नाही. ते एकेक रेघ ओढत, एकेका चौकोनात आकडा टाइप करत आणि मग खुर्ची मागे सरकवून, डोळे अर्धे मिटून, झोपलेल्या लेकराकडे बघावं तसे पडद्याकडे बघत बसत. "आपोआप केलेल्या दारातून वारा येत न्हाई, साहेब," म्हणायचे. आकडा टाकताना ते त्या दारातून मनानं आत जाऊन येत. एकदा मी हाक मारली, तर डोळे न उघडता म्हणाले, "थांबा जरा, देवघरात हाय." शेवटची ओळ मात्र ते नेहमी रिकामी ठेवत. "मालकाला एक दार उशिरा आठवतंच," हे त्यावरचं उत्तर. आणि आठवायचंही.

त्यांचा नियम एकच होता. नकाशात कुणीही बदल केला, तर चिठ्ठी लिहून त्यांच्या पडद्याच्या कडेला चिकटवायची. चिठ्ठी नाही तर बदल नाही. बायकोनं फोनवर कोथिंबीर सांगितली, तरी आधी चिठ्ठी चिकटवत, मग "बरं" म्हणत.

संगमनेरला एक घर चाललं होतं. मालकांची आई चाकाच्या खुर्चीत, म्हणून एका संध्याकाळी मी नकाशातलं बाथरूमचं अडीच फुटी दार तीन फुटांचं केलं आणि चिठ्ठी न लावताच एका लग्नाला निघून गेलो. तक्त्यात अडीचच राहिलं. सुतारानं अडीचची चौकट बसवली. म्हातारीची खुर्ची दारात अडकली.

मालक ऑफिसात आले. "हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

"हातानं केलेल्या तक्त्यांचं हे असंच होतं. यांना कितीदा सांगितलं," मी म्हणालो.

तक्तेवाल्यांनी पडद्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. तिथे एकच चिठ्ठी होती, कोथिंबिरीची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "व्हय, माझ्याकडूनच ऱ्हायलं."

महिन्याभरात ते काम सोडून राहात्याला आपल्या पेरूच्या बागेत गेले. पुन्हा कुणाचा नकाशा त्यांनी हातात घेतला नाही.

काही वर्षांनी मी खिशात चिठ्ठी घेऊन तिकडे गेलो. बागेत ऊन झिरपत होतं, पिकल्या पेरूंचा वास होता. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं झाडांचा तक्ता आखलेला. खालची ओळ रिकामी.

"काय काम काढलं, साहेब?"

"काही नाही. सहज."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाले, "पेरू तरी न्या."

पिशवीभर पेरू घेऊन मी परतलो. यंदा ते गेले.

चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटत आलेली. तिच्यावर एवढंच आहे: 'बाथरूमचं दार तीन फूट मी केलं. तुम्हाला कळवलं नाही. माफ करा.'