विरोधात शून्य

आजही कुणी ‘बिनविरोध’ म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणारा बारामतीचा असेल तर विचारूच नका.

मी घरबसल्या एका क्रिप्टो संस्थेचं काम करायचे. ना ऑफिस, ना साहेब. सभासद जगभर पसरलेले, निर्णय सगळे फोनवरून मत टाकून, आणि एकदा नोंदलेलं मत ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. संस्थेचा एक अनुदान कार्यक्रम होता. स्थानिक गटानं आपल्या भागातलं एक काम मतानं निवडायचं, ते करणाऱ्याला वर्षभराचं मानधन संस्था देणार. बारामती-इंदापूरचा गट मी उभा केला. साठ सभासद: शिक्षक, इंजिनिअर, कॉलेजची पोरं. आणि मी अध्यक्ष. संस्थेत असलं पदच नव्हतं, पण आमच्याकडं चार माणसं जमली की अध्यक्ष लागतोच.

पहिल्या फेरीत तिघांनी गुपचूप मतं टाकली आणि आपल्याच मित्राचं काम मंजूर करून घेतलं. बाकीचे सत्तावन्न झोपलेले. मी अशी भडकले की नियमच घातला: निम्म्यांनी, म्हणजे तीस जणांनी, मत टाकल्याशिवाय ठराव मंजूर होणार नाही. तो कोडमध्ये पक्का बसवून घेतला. संस्थेतल्या परदेशी लोकांनी माझं फार कौतुक केलं, आणि मी ते चार दिवस मिरवलं.

दुसऱ्या फेरीत माझ्या मैत्रिणीनं अर्ज केला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. विसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. तरी सणसरहून रोज एसटीनं बारामतीला यायची, एका पतसंस्थेत फोनवर बसायची. कायमची नोकरी. घरात ती आणि आई, दोघींचं सगळं त्याच पगारावर. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा जो आवाज तिला मिळायचा, तो मराठी असं वाचायचा की तोंडात गरम बटाटा धरलाय. शेवटी वैतागून तिनं स्वतःच एक आवाज बनवायला घेतला. आईचा आवाज महिनोन्‌महिने रेकॉर्ड केला. आईनं अंगणवाडीत जन्म काढलेला, आवाज खणखणीत. काम अर्ध्यावर आलं होतं, पण उरलेलं नोकरी सांभाळून होण्यातलं नव्हतं. पुरं झालं असतं तर आपल्याकडच्या कितीतरी आंधळ्या माणसांना आपल्या बोलीत पुस्तक ऐकता आलं असतं.

आणखी दोन अर्ज होते. एक कृषी कॉलेजच्या प्राध्यापकांचा, हवामानाच्या वेबसाइटसाठी. दुसरा माळेगावच्या एकाचा, ट्रॅक्टर भाड्यानं मिळवून देणाऱ्या अॅपसाठी. मग मी काय करावं? आपल्याकडं करतात तेच केलं. मार्केट यार्डाजवळच्या हॉटेलात बैठक लावली. भेळ, चहा. दोघांना बाजूला घेऊन समजावलं. प्राध्यापक म्हणाले, “ताई, तुमचा शब्द आमी मोडायचा व्हय?” ट्रॅक्टरवालाही विरघळला. दोघांची माघार झाली, टाळ्या झाल्या, मैत्रिणीला शाल आणि नारळ झाला. संध्याकाळी कुणीतरी फोटो जोडून ग्रुपवर सोडला: ‘बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन!’ त्यात माझाही फोटो होता, तिच्यापेक्षा मोठा. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

अनुदानाची अट होती की मंजुरीच्या दिवशी अर्जदाराला दुसरी नोकरी नको. मी सणसरला तिच्या घरी जाऊन म्हणाले, “राजीनामा देऊन टाक. झालंच आता.”

तिच्या आईनं विचारलं, “कागद आलाय का हातात?”

“मावशी, ह्यात कागद नसतो,” मी हसले.

“मग कशाच्या जिवावर सोडायची नोकरी?”

“माझ्या,” मी म्हणाले. अगदी असंच म्हणाले. जीभ झडली नाही माझी.

दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. पतसंस्थेनं तो तत्परतेनं मंजूर केला आणि आठवड्यात जागा भरूनही टाकली.

मतदान सात दिवस होतं. पहिल्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी मत टाकावे.’ खाली अंगठे पडले, हार पडले, ‘अभिनंदन ताई’ पडलं. मतं मात्र पडेनात. प्रत्येकाला वाटलं, बिनविरोध झालंय, आता मतदान कसलं? चुकलं काय त्यांचं? बिनविरोध झालेल्या जागेवर मत टाकायला आपल्याकडं कोण जातं? शेवटच्या दिवशी मी इंदापूरला चुलतबहिणीच्या हळदीत होते. फोन उघडून बघितलं तर एकोणतीस. म्हटलं, टाकील कुणीतरी, सोसायटीच्या निवडणुकीतही शेवटच्या तासालाच रांग लागते. मी स्वतः टाकलं नव्हतं. अध्यक्षानं कसं टाकायचं? अध्यक्षाचं मत बरोबरी झाली तरच. हा नियम कुणी केला होता म्हणाल तर कुणीच नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि जेवायला बसले.

मुदत संपली. एकोणतीसच.

मी संस्थेकडं रडले, भांडले, हातापाया पडले. अतिशय गोड उत्तर आलं: नियम तुमच्याच गटाचा आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. पुढची फेरी दुसऱ्या देशाला दिलेली आहे. मेल्यांनी खाली हसरा चेहरापण टाकला होता. गटातले लोक मला म्हणाले, “ताई, आमाला सांगायचं न्हाय का?” ह्यावर काय बोलणार, कपाळ?

सणसरला गेले. माफी मागायची म्हणून रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण म्हणाली, “थांब. निकाल मी अजून पुरता ऐकला न्हाय.” तिनं फोनवर बोट फिरवलं आणि तिच्या आईच्या आवाजात फोन बोलायला लागला. अर्धाच झालेला आवाज, मधेच अडखळणारा, पण हुबेहूब तिची आई.

“बाजूनं एकोणतीस. विरोधात शून्य. ठराव नामंजूर.”

“विरोधात एकबी न्हाय?” मैत्रीण म्हणाली. “मग पाडलं कुणी?”

तिनं बोट पुढं नेलं. मत न टाकलेल्यांची यादी सुरू झाली. यादी सभासद झाल्याच्या क्रमानं होती, आणि गटातली पहिली सभासद मी. खणखणीत आवाजात, आडनावासकट, माझं नाव आलं.

फोन पुढची नावं वाचत राहिला. तिची आई माझ्याकडं बघून ओशाळली, जणू चूक तिचीच झाली. पुढं झुकून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “पोरी, ते मी न्हाय म्हणलं हं. मशीन म्हणतंय.”