भिंतीआधी चौकट

चौकटीच्या बाई कोणतंही लाकूड आधी बोटाच्या पेरानं वाजवत, मग त्याला कान लावत. पोकळ निघालं तर म्हणत, "वरून रंग लई, आत भुसा." हेच त्या एकदा भर बाजारात माझ्याकडं बघून म्हणाल्या होत्या. ते मी विसरलेलो नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी धाराशिवजवळ संस्था काढली. कुणाचं घर पाडायचं ठरलं की गवंडी घेऊन बाई हजर. दारं, तुळया, शहाबादी फरशी हलक्या हातानं उतरवायची आणि घर बांधणाऱ्या गरिबाला स्वस्तात द्यायची. माझाही धंदा जुन्या इमारती मालाचाच. फक्त स्वस्तात देण्याचा नाही. ढोकीला फुटक्या कौलांपासून सुरुवात करून मी दुकान उभं केलं. भावात मला कुणी हरवलं नव्हतं. बाई भाव करतच नसत. "दुकानदाराला माल न्हाय," एवढंच. मी दुप्पट बोललो, तर म्हणाल्या, "तुम्हाला दार पाहिजे का गिऱ्हाईक?"

दुसऱ्याच्या घराची चौकट लावायला लोक कचरतात. त्या घरातलं काय सोबत येईल, कोण जाणे. म्हणून बाई प्रत्येक चौकटीवर देणाऱ्याचं नाव खडूनं लिहीत आणि बसवायच्या दिवशी त्यालाच घेऊन जात. जुन्या मालकाचा हात लागला की घेणाऱ्याच्या मनातली अढी जायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण मुरुम गावच्या एका म्हातारीची वेलबुट्टीची सागवानी चौकट बाईंच्या शेडवर आली आणि माझी अक्कल गेली. सोलापूरचं गिऱ्हाईक तयार होतं. मी मेव्हण्याला पाठवलं, "घर बांधतोय म्हण." त्या शहाण्यानं पत्ता माझ्याच गोदामाचा दिला. चौकट आली, आणि चौथ्या दिवशी सकाळी बाई त्या म्हातारीला घेऊन गोदामापुढं उतरल्या.

म्हातारीनं पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढलं. इकडंतिकडं बघितलं. "भिंत कुठं हाय, बाई?"

मेव्हणा पसार. चूक माझी असली की माझा आवाज जास्तच चढतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं ओरडून? आता सांगा शेठ, तुम्ही राहता कुठं?"

उत्तर माझ्या बायकोनं दिलं. "हितंच, मागं. पत्र्याच्या खोलीत. दाराला पडदा हाय."

सगळ्या तालुक्याला दारं विकली. घरच्या दाराला मात्र वीस वर्षं पडदा.

"मग भिंत नंतर बांधा," बाई म्हणाल्या. "चौकट आज उभी करू."

हळदकुंकू म्हातारीचं, ओळंबा बाईंचा; बाई स्वतः बौद्ध. सोलापूरचं गिऱ्हाईक हातचं गेलं आणि त्या एका चौकटीपायी मला अख्खं घर बांधावं लागलं. असा तोट्याचा सौदा मी जन्मात केला नाही. पुढं दर महिन्याला शेडवर जाऊन मी हे बाईंना ऐकवायचो. त्या चहा पाजायच्या. माल मात्र शेवटपर्यंत दिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणं त्यांचं घर उतरवलं गेलं. जवळचं कुणी नव्हतं. त्यांच्या चौकटीवर देणाऱ्याचं नाव त्या आधीच लिहून ठेवून गेल्या होत्या: माझं. मरतानाही मला न विचारता!

ती चौकट जळकोटच्या एका ऊसतोड मजूर बाईला गेली; तिनं दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. मी गेलो. ती बिचकत म्हणाली, "शेठ, ही कुणाच्या घरची?"

मी पेरानं लाकूड वाजवलं. कान लावला. आतपर्यंत भरीव.

"आमच्या घरची," म्हणालो, आणि हात लावला.