तेंदूच्या कार्डावरचं नाव

श्री. अयूब हबीब खान, वय सत्तावन्न, राहणार बल्लारपूर, शिक्षण बी.ए. (द्वितीय प्रयत्न), चारित्र्य समाधानकारक. सदर इसम सव्वीस वर्षे एका साप्ताहिकाचे मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक होते. तूर्तास जिल्हास्तरीय वृत्तवाहिनीवर ज्येष्ठ निवेदक या पदावर कार्यरत आहेत. त्यांनी वाचलेल्या बातमीची खातरजमा करण्याची गरज प्रेक्षकांस भासत नाही.

वाहिनीनं एका पुरस्कारासाठी पाठवलेल्या शिफारशीत असं लिहिलं आहे. त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, हीच अडचण झाली.

साप्ताहिक चार पानी होतं. गठ्ठा एसटीत ड्रायव्हरच्या बाजूला बसून मुलचेरा, एटापल्लीपर्यंत जायचा. पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची, पण शिळ्या बातमीतली चूक निदान छापण्याआधी कळायची. वाघानं माणूस मारला की अयूबभाई नाव छापायला थांबत. मे महिन्यात तर हमखास. तेंदूपत्त्याचं कार्ड एकाच्या नावाचं असतं आणि पानं तोडायला दुसराच गेलेला असतो. कुणाची पाठ धरलेली असते, कुणाकडे लग्न असतं. मेलेल्याच्या पिशवीतल्या कार्डावर विश्वास ठेवू नये, हे ते नव्या वार्ताहराला पहिल्याच दिवशी सांगत. आधी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, पुडके मोजून घेणाऱ्या मुन्शीला फोन करायचा, मग लेखणी उचलायची.

पुढं वाचक मोबाइलमध्ये गेले आणि कागदाच्या कारखान्याच्या गावात अयूबभाईंचा कागद बंद पडला. वाहिनीला भारदस्त चेहरा हवा होता. मे महिन्यात कोट घालून, तोंडाला पावडर लावून ते चंद्रपूरच्या स्टुडिओत बसू लागले. समोरच्या काचेवर अक्षरं सरकतात, ती वाचायची. बायको फरहत म्हणाली की तुम्ही टीव्हीत बरे दिसता, फक्त दमलेले दिसता. ते म्हणाले, तेवढं एक खरं दाखवतात.

त्या संध्याकाळी सहाच्या बातम्यांना चार मिनिटं होती. मुलचेऱ्याकडच्या जंगलात वाघानं एकाला मारलं, पिशवीत कार्ड सापडलं, त्यावर नाव देवाजीचं. अयूबभाईंनी मुन्शीला फोन लावला. रेंज नव्हती. त्यांनी पुन्हा लावला. बातम्यांचा प्रमुख प्रणित त्यांच्या निम्म्या वयाचा होता आणि उद्धट मुळीच नव्हता.

"भाऊ, बाकीच्यायनं चालवलं ना. आपण काऊन थांबून राह्यलो?"

काचेवर अक्षरं सरकू लागली. अयूबभाईंनी वाचलं.

देवाजीच्या घरी टीव्ही सुरू होता. शेजारच्या बाया जमल्या. देवाजी पाठ दुखते म्हणून रानात गेलाच नव्हता. औषध आणायला गेला होता, तो तासाभरानं चालत दारात आला. आत त्याचीच रडारड सुरू होती. कार्ड घेऊन गेला होता शेजारचा नथ्थू, एकटा माणूस, मागंपुढं कुणी नसलेला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीनं तीन ओळींचा खुलासा दिला : देवाजी सुखरूप. अयूबभाई तिसऱ्या दिवशी देवाजीच्या गावी गेले. देवाजीनं खाट टाकली, चहा सांगितला आणि माफीचं बोलणं अर्ध्यावर तोडून, माणूस हाय, चुकते, म्हणाला. त्याची बायको सोनीबाई चहा घेऊन आली. हातांत एकही बांगडी नव्हती.

"दुसऱ्या कोणी सांगतलं असतं तं मी थांबली असती, भाऊ," ती म्हणाली. "तुमी म्हणाले म्हणून हात पुढं केला."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. अयूबभाईंनी चहा संपवला. निघताना बांधाच्या पलीकडं नथ्थूची झोपडी दिसली. दाराला बाहेरून काडी अडकवलेली होती.

चंद्रपूरला येऊन त्यांनी चार ओळी लिहून प्रणितला दिल्या : वाघाच्या हल्ल्यात मेला तो नथ्थू. प्रणितनं वाचल्या, मान हलवली आणि म्हणाला की बातमी तर होऊन गेली भाऊ, खुलासापण झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दिल्या, तिसऱ्या दिवशीही. सहा वाजता ते कोट घालून काचेसमोर बसत आणि सरकत येईल ते वाचत.

नथ्थूचं नाव सरकत आलं नाही.