डावी पाकळी

आमच्या देवळात कौल घ्यायची रीत अशी. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर थांबायचं. आणि उजवी म्हणजे देवाची उजवी. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे त्याची उजवी आपल्या डाव्या हाताला येते. गावातल्या कुणाला हे शिकवावं लागत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र सांगावं लागतं. ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी सांगितलं नाही.

पुढं कित्येक वर्षं यातलं एक अक्षर मी घरात बोलले नव्हते. मुळात मी कमी बोलणारी, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलंही नाही.

गोव्यात तेव्हा पाखल्यांचं राज्य होतं. पोर्तुगिजांना आमच्याकडे पाखले म्हणत. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या अंगाला, खाडीच्या अलीकडे. पलीकडचे माड दिसायचे, तिथल्या पालखीची वाजपं वाऱ्यावरून ऐकू यायची. पूर्वी लोक तरीतून, म्हणजे खाडी ओलांडायच्या नावेतून, सहज जात-येत, सोयरिकी करत. मग सत्याग्रह सुरू झाले, पहारे बसले आणि तर बंद झाली. ऐन पावसाळ्यात एका सकाळी पलीकडचं एक जोडपं खारफुटीतून वर आलं. बरोबर एक बोचकं, अंगावर चिखल. नवऱ्यानं आपल्या होडीतून सत्याग्रही नेले होते आणि पोलीस त्याला शोधत होते. गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, मला विचारलं, तुझा मांगर रिकामा आहे, देशील का? मांगर म्हणजे गवत-लाकडं ठेवायची खोप. मी हो म्हटलं. माझा नवरा मुंबईला नोकरीला, सासू नुकतीच वारलेली, घरात मी आणि माझी लहान मुलगी. विचारायला दुसरं कुणी नव्हतंच.

मी तिला बाय म्हणत असे, ती मला वयनी. ती माझ्याच वयाची, पण स्वभावानं अगदी उलट. चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, मासे चिरताना माशांना शिव्या घालायची. माझ्या गप्प बसण्याची तिला मोठी गंमत.

“वयनी, तुझ्या तोंडातसून शब्द काढूक गळ टाकूचो लागता,” ती म्हणायची. “आणि गळाक लागता काय, तर ‘हूं’.”

“हूं,” मी म्हणायची. मग दोघी हसायचो. त्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून एवढं हसले नव्हते.

तिचा सासरा मात्र पलीकडेच राहिला होता. निघताना मुलानं हाताला धरून ओढलं तरी उठला नाही. म्हणाला, सगळी गेलंव तर देवाकडे दिवो कोण लायतलो? दिवेलागणीला बाय अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि म्हणायची, “आता मामांजीनी दिवो लावलेलो आसतलो.” तेवढा वेळ ती गप्प असायची. एरवी तिनं घरची आठवण काढून रडणं वगैरे केलं नाही. रात्री मासे मारणाऱ्यांकडून चोरून कधी निरोप यायचा, म्हातारो बरो आसा; इकडचा निरोप मात्र पोलिसांच्या भीतीनं कुणी पलीकडे नेत नसे. तेवढ्यावर ती पुढचा महिना काढायची.

मग ते डिसेंबरातले दिवस आले. लांबून तोफांसारखे आवाज, पूल उडवल्याच्या बातम्या, रस्त्यानं लष्कराच्या गाड्या. आणि बघता बघता सगळं संपलं. बाजारात साखर वाटली. पलीकडे कुणी जाऊ नये, वाटांवर सुरुंग असतील, अशी आधी दवंडी पिटली. काही दिवसांनी दुसरी दवंडी आली: रस्ता तपासून झाला, तर सुरू झाली, ज्यांना आपल्या घरी परतायचं त्यांनी यावं, कचेरीचा ट्रक तरीपर्यंत सोडील. आसपासच्या गावांत आसऱ्याला आलेली माणसं बोचकी बांधून ट्रकात चढली. बाईमाणसं ट्रकातूनच गाणी म्हणत होती.

बायचं बोचकं पहिल्याच दिवशी बांधून झालं होतं. पण तिचा नवरा म्हणाला, “ज्या देवान आमका ठेवन घेतल्यान, तेका विचारल्याशिवाय कसा जावचा?” तेही खरंच होतं. आम्ही देवळात गेलो.

गुरव म्हातारा होता, पण आवाज खणखणीत. पाकळ्या लावून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायरेक उभी आसत. तेंका आपल्या घराकडची वाट बरी गावांदे रे म्हाराजा.” आम्ही म्हटलं, “व्हय म्हाराजा.” तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून लष्कराच्या गाड्यांची रांग आली. गुरवाची गाय रस्त्याकडेच्या माडाला बांधलेली. ती आवाजानं बिथरली, दावं तोडून धावत सुटली. गुरव “गे, माझी गाय” म्हणत धावला आणि बायचा नवरा त्याच्या मागून. गाभाऱ्यासमोर उरलो आम्ही दोघी.

पाकळी सरकली आणि पडली. आमच्या डाव्या हाताला. म्हणजे देवाच्या उजवीची. म्हणजे जा.

बायनं स्वतःचा डावा हात वर करून बघितला. त्यांच्या गावात तांदळाचा कौल, पाकळ्यांचा तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं विचारलं, “वयनी, ही डावी?”

मी म्हटलं, “होय, डाव्या बाजूची.”

या वाक्यात खोटं काही नव्हतं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. गुरव गायीला घेऊन धापा टाकत परत आला तोपर्यंत दुसरीही पाकळी गळून पडली होती. त्यानं विचारलं, “काय दिल्यान देवान?” बाय म्हणाली, “डावी.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, कारण मी गावची. मी पदर सारखा केला. “मगे थांबा,” तो म्हणाला. “पुनव होवंदे. मगे परत विचारू.”

बायनं देवाचं तीर्थ घेतलं आणि घरी येऊन बोचकं सोडलं.

सुरुंगांची भीती होती म्हणून मी गप्प राहिले, असं म्हणता येईल. दवंडी झाली तरी लोक घाबरत होतेच. पण तसं नव्हतं. ती गेल्यावर संध्याकाळी त्या घरात मी आणि माझी मुलगी आणि चुलीचा आवाज, एवढंच उरणार होतं. मला ते नको होतं. बस, इतकंच. दुसऱ्याच्या घराची वाट अडवायला एवढं कारण मला पुरलं.

पुढचे दिवस मी तिच्यासाठी घावणे घातले, नारळाचा रस काढला, तिचे केस विंचरले. ती खायची, पण मांजराशी बोलणं बंद झालं. दिवेलागणीला ती अंगणात उभी राही आणि दिवा लागला असेल असंही आता म्हणेना.

मग एका दुपारी तरवाला पाणी प्यायला आमच्या खळ्यात आला. पलीकडचाच तो, बायला ओळखत होता. तिला बघून तांब्या हातातच राहिला.

“अगो, तू हंय? आणि घोव?”

“माडार चढलो आसा. कित्याक?”

“जितो आसा मां?”

“असा काय विचारतंस रे, जळ्ळा तुझा तोंड.”

“म्हातारो सांगत फिरता, झील मेलो म्हणान. रोज तरीर येता, उतरतल्या माणसांची तोंडां बघता. सगळ्यांची इली, माझी येवक नाय, म्हणजे पाखल्यांनी मारल्यानी आणि लोक लपयतत, असा म्हणता. जेवण सोडल्यान. काल देवाकडे दिवोय नाय लावक.”

बायचा नवरा माडावरून उतरला, ऐकलं आणि म्हणाला, मी आत्ता जातो. ती त्याच्या आडवी आली. देव नको म्हणत असताना जाऊन काही झालं तर म्हाताऱ्याला खरंच मेलेला मुलगा बघायला लागेल, हे तिचं म्हणणं. तो चिडला, तिच्यावर कधी ओरडला नव्हता तो ओरडला. बाय माझ्याकडे वळून म्हणाली, “वयनी, आमी काय चुकलंव गो? देवान आमकाच कित्याक अडयल्यान?”

मी घागर उचलली आणि विहिरीवर जाते म्हणून निघाले ती थेट गुरवाच्या घरी. तो खळ्यात नारळ सोलत होता.

मी म्हटलं, “काका, पाकळी देवाच्या उजव्या अंगाची पडलेली.”

तो सोलायचा थांबला. “मगे डावी म्हणान कोणी सांगितल्यान?”

“तिका आपली रीत ठावक नव्हती. माका होती.”

हातातला नारळ उलटसुलट करत राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, गावकारांना बोलावील. मग म्हणाला, “तू एकटी रवतंस, माका ठावक आसा. पण देवाच्या तोंडचा काढून आपल्या तोंडात घालूचा नाय, बाये.” आणि उठून खांद्यावर पंचा टाकला.

आमच्या अंगणात येऊन तो बायच्या नवऱ्याला म्हणाला, “चूक माझी झाली. गायीच्या पाठी धावलंय आणि कौल नीट बघूक नाय. देवान तेवाच वाट दिल्यान. बोचक्यां बांधा.”

बाय त्याच्या पाया पडली. मी घागर तशीच रिकामी घेऊन उभी होते. बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. मिटलं ते मिटलंच.

मी त्यांच्याबरोबर गेले. मुलीला कडेवर घेतलं होतं. तरीतून उतरल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना काठ्यांना लाल फडकी बांधलेली होती, त्यांच्या आत चालायचं, बाहेर पाय टाकायचा नाही, असं एका शिपायानं हिंदीतून सांगितलं. तो आमच्यापुढं चालत होता. बाय माझ्या मुलीचा पाय खाली लोंबू नये म्हणून धरून चालत होती.

म्हातारा घराच्या पायरीवर बसला होता. मुलगा समोर जाऊन उभा राहिला तरी उठला नाही. वरपासून खालपर्यंत बघितलं, मग म्हणाला, “इतको उशीर? माझा श्राद्धाचा सामान हाडून झाला.” मुलगा रडायला लागला तशी म्हातारा म्हणाला, “रडतंस कित्याक? तू मेलंस काय मी?” आणि मग तोच हुंदके देऊ लागला. बायनं त्या दोघांना तसंच सोडलं, आत गेली, माळ्यावरून तेलाची बाटली काढली आणि देवाकडची वात सरळ करायला बसली. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा उतरला. सगळा नाही, पण श्वास घ्यायला पुरेल एवढा.

उरलेला धोंडा गुरवाचा होता. गावात लोक त्याला हसायचे. “काका, जेवचो हात खंयचो, उजवो मां?” पोरंसोरंसुद्धा विचारायची. काही जण कौलाला दुसऱ्या गावच्या देवळात जाऊ लागले. तो हसण्यावारी न्यायचा, पण पुढं पाकळ्या लावल्यावर तो गाभाऱ्यातून हलायचा नाही, आणि पाकळी पडली की “देवाची उजवी” किंवा “देवाची डावी” असं मोठ्यानं दोनदा सांगायचा. मी तिथं उभी असले तरी माझ्याकडे बघायचा नाही. तो वारला तेव्हाही मी काही बोलले नाही.

आता पलीकडे जायला एसटी आहे. गेल्या वर्षी मी बायकडे राहायला गेले होते. म्हातारा पुष्कळ वर्षं जगून, नातवंडं खेळवून गेला. बाय बांगडे साफ करत होती आणि मी समोर बसून, काही ठरवलेलं नसताना, सगळं सांगून टाकलं. ती हात न थांबवता ऐकत होती. मग विळी आडवी केली.

“माका रव म्हणाक तुका देवाची पाकळी कित्याक होयी होती?” ती म्हणाली. “आपल्या तोंडान सांगितलं असतंस, तर म्हाताऱ्याक बघून परत इलंय असतंय. महिनोभर रवलंय असतंय.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, या खेपेस रागानं. “आणि त्या गुरवाक लोक हसले ता तू ऐकत रवलंस? त्या माणसाच्या मी पाया पडलंय, आणि तू घागर घेवन उभी. जा, सांग लोकांक.”

परत आल्यावर देवळात गेले. सोमवार होता, चार माणसं बसलेली. आता गुरवाचा मुलगा पाकळ्या लावतो. मी सगळ्यांसमोर सांगितलं. मधे कुठं थांबले नाही. मुलगा ऐकून म्हणाला, “काकी, बाबा घरात म्हणायचो, माझा हसा झाला, पण दोघां घराकडे पोचली, बरा झाला. पण चूक कोणाची ता शेवटपर्यंत सांगूक नाय.” मग बाकीच्यांकडे बघून म्हणाला, “ऐकल्यात मां? आता खंयच्या हातान जेवता म्हणान माका कोणी विचारू नको.” लोक हसले. मीही हसले.

घरी मुलगी बाळंतपणाला आलेली होती. चुलीवर भात ठेवून मी तिला पहिल्यापासून सांगायला बसले: मांगर, गळ, गाय, लाल फडकी, सगळं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली, आईला एवढं बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता भात करपला. वरचा वरचा काढून आम्ही तो दह्याबरोबर खाल्ला.