'कैफियत'चा अर्थ सांगणाऱ्या शरयूताई

शरयूताईंच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा काळा कोट नवा होता आणि वकिलीतले शब्दही नवेच होते. रत्नागिरीच्या न्यायालयात ताईंची वकिली तेव्हा ऐन भरात होती. "फिर्याद म्हणजे काय हो?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न. मी पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. ताई हसल्या. "फारसीत तो मदतीसाठी मारलेल्या हाकेचा शब्द आहे. आधी हाक ऐकायची, मग कलम. उद्यापासून या."

त्याच वर्षी आतल्या एका गावातून लक्ष्मीबाई आल्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. हातात चार घड्या घातलेलं समन्स. 'लक्ष्मीबाईंनी माझ्या काजूच्या बागेतून ये-जा करू नये', असा दावा शेजारच्या दत्तारामांनी लावला होता. ताई कोर्टात होत्या. मी ऐटीत सांगितलं, "तुम्ही प्रतिवादी आहात. लेखी कैफियत द्यावी लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. "माजी काय चूक नाय, मंग कैफियत कशाला? नको ती वाट. मी डोंगराच्या वळशानं जाईन." आणि त्या उठून निघून गेल्या.

ताई परतल्यावर मी हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चपला पायांत सरकवून सरळ एस.टी. स्टँडकडे निघाल्या. मी मागोमाग. लक्ष्मीबाई बाकावर बसल्या होत्या. ताई शेजारी टेकल्या.

"बाई, तो शब्द ऐकून घाबरलात ना? अहो, गुन्हा कबूल करायचा नाही त्यात. अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसं'. कसं काय घडलं ते तुमच्या तोंडून सांगा, एवढंच कोर्टाचं म्हणणं."

"येवढाच?"

"एवढंच. ही वाट कधीपासूनची?"

"लगीन होऊन आल्ये ती तिथनंच. दत्तारामाच्या आयेनंच मला हाताला धरून आणलान. तो ल्हान असताना तापानं फणफणला, तवा मीच त्याला कडेवर घेऊन त्या वाटेनं डाक्टरकडं न्हेला."

गाडी आली आणि गेली. बाई बोलत राहिल्या. ताईंनी मला सारं लिहून घ्यायला लावलं.

कैफियतीची प्रत दत्तारामांच्या हाती पडली. पुढच्या तारखेला ते कोर्टाच्या व्हरांड्यात लक्ष्मीबाईंसमोर येऊन उभे राहिले. "काकी, तापाची गोष्ट मला कुनी सांगितलीच नव्हती." तडजोड झाली. बागेला फाटक बसलं, कुलूप मात्र लागलं नाही.

मी ताईंना म्हणालो, "चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "चूक नव्हे, घाई."

स्वतःच्या चुकीला मात्र त्या एवढी सवलत देत नाहीत. चिपळूणच्या एका व्याख्यानात त्यांनी एका शब्दाचं मूळ चुकीचं सांगितलं. घरी येऊन कोश उघडल्यावर ते ध्यानात आलं. आठवड्याभरात ताई पुन्हा चिपळूणला गेल्या आणि त्याच विद्यार्थ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी परवा तुम्हांला ठोकून दिलं होतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या खरोखरच गोंधळल्या.

आता पंच्याहत्तरीत ताईंनी कोर्ट सोडलं आहे. पण गावकऱ्यांना समजेल असा कायद्याच्या शब्दांचा कोश त्या एकहाती लिहीत आहेत. परवा मांडवीच्या किनाऱ्यावर फिरताना मी म्हणालो, "ताई, थोडं दमानं घ्या."

"अरे, आत्ता कुठे 'प' चाललाय. 'व' आल्याशिवाय आणि वकिलांचा समाचार घेतल्याशिवाय मी थांबते होय!"

आम्हां सर्वांच्या वतीने एवढंच मागणं: ताईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, 'ज्ञ' पुरा झाल्यावर दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितंही त्यांनीच तपासावीत, आणि वकिलांबद्दलचा मजकूर तेव्हाही सौम्य करू नये.