चौरंगाचं माप

आमचे वडील अंबरनाथला फायबरच्या कारखान्यात होते. घरच्या गणपतीमागची कमान त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेली. ते गेल्यावर गणपती आणि कमान कुळगावला दादाकडे गेली, थोरला म्हणून. माझ्या वाट्याला, बेलवलीला, त्यांची हत्यारं आली. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं. लपवण्यात काय अर्थ आहे?

यंदा गणपतीच्या आधी दादा कमान घेऊन आला, तर ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी. वर्षभर गच्चीवर पत्र्याखाली टेकवून ठेवलेली, दुसरं काय होणार? ज्याला आयतं मिळतं त्याला किंमत नसते, हे मी बायकोला जेवताना ऐकवलं. दादाला फक्त म्हटलं, ठेव, बघतो.

मागच्या पडवीत काम काढलं. उल्हासनगरहून रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट आणली. प्लायवूडचा फर्मा कापला. हीट गनने कमान नरम करत थोडी थोडी फर्म्यावर बसवली, शिकंजे आवळले आणि पार थंड होऊ दिली. मग तडे गेले होते तिथे पाठीमागून मॅटचा नवा थर दिला. कडेची वेलबुट्टी वडिलांची. तिच्यावरून पॉलिश पेपर फिरवताना राग यायचा. दादाने ही कधी नीट पाहिली तरी असेल का?

कमान झकास झाली. कुळगावला नेऊन चौरंगावर उभी केली, तर दोन्ही पाय चौरंगाच्या बाहेर, चार-चार बोटं. दादा एकदा कमानीकडे बघे, एकदा माझ्याकडे.

वहिनी म्हणाली, "भावजी, माप कुठल्या चौरंगाचं घेतलंत?"

"घरच्या."

"तुझ्याकडे चौरंग आहे?" दादाने विचारलं.

आहे. लग्नानंतर लगेच सागवानी करून घेतलेला, गणपती कधी आपल्याकडे आलाच तर म्हणून. हॉलच्या कोपऱ्यात असतो, त्यावर इस्त्रीचे कपडे पडतात. फर्मा कापताना दादाचा चौरंग मोजायला हवा होता, हे डोक्यातच आलं नाही.

"एवढं मनात होतं तर बोलायचं होतंस," दादा म्हणाला.

"गणपती काय मागून घ्यायचा असतो?"

त्याने कपाटातून टेप काढला आणि माझ्या हातात दिला.

"आता याचं माप घे," म्हणाला.

मी खाली बसलो आणि त्याचा चौरंग मोजला.