हळदीतला पिवळा मामा

माझ्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या आक्रसत चालल्या आहेत. रोग जुनाट आहे, मुक्कामाला आलाय, जायचा नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मुकाट ऐकून घेतलं. गावाने मात्र घेतलं नाही. लिव्हर म्हटल्यावर अर्ध्या गावाने माझं तोंड हुंगलं आणि पित्त म्हटल्यावर उरलेल्या अर्ध्याने कोकम सरबत पाजलं. मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नाही. एवढी बदनामी व्हायचीच होती तर निदान चव तरी घ्यायला हवी होती.

या रोगाची खरी करामत म्हणजे खाज. पुरळ नाही, गांधी नाही, लोकांना दाखवायला काहीच नाही, आणि कातडीखाली मुंग्यांची जत्रा. तळहात खाजला की पैसा येतो, तळपाय खाजला की प्रवास घडतो म्हणतात. त्या हिशेबाने मी आजवर एखादा साखर कारखाना विकत घेऊन काशीलाही जाऊन यायला हवा होतो. एकदा वैतागून गोठ्यातला म्हशीचा खरारा पाठीला लावला. म्हैस डोळे मिटून का उभी राहते ते त्या दिवशी कळलं. पाठ रक्ताळलेली पाहून बायकोने खरारा लपवला. तेव्हापासून म्हैस आणि मी, दोघंही तिच्यावर नाराज आहोत.

थकव्याचं तर बोलूच नका. सकाळी दात घासले की वाटतं, आजचं काम झालं, आता आडवं व्हावं. लोक म्हणतात, "तब्येत तर झ्याक दिसतीय." दिसण्यावर माझा इलाज नाही.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दरडावून सांगितली होती. थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे झाले, तर नळ्यांत जंतू शिरले समजायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. थांबलात तर जिवावर बेतेल.

ते नेमकं भाचीच्या हळदीच्या दिवशी झालं. ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ही एकुलती पोर आणि मी तिचा एकुलता मामा. मंगलाष्टकं चालू असताना मामाने नवरीच्या मागे उभं राहायचं असतं. या पोरीला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलंय. ती जागा मी कुणाला देणार नव्हतो.

भर मे महिन्यात मांडवात माझे दात वाजायला लागले. मी कूलरला शिव्या घातल्या. आत जाऊन आरशात पाहिलं तर डोळे पिवळे. मग अक्कल सुचली, की आज सगळा मांडवच पिवळा आहे. परातीतली हळद घेऊन मी स्वतःच तोंडाला फासली, कानापर्यंत, आणि नाचणाऱ्यांत घुसलो. एक दिवस तर काढायचा होता.

ताई नवरीला लावून उरलेली हळद घेऊन माझ्याकडे आली. तिचा हात माझ्या गालापाशी थांबला.

"आरं, हळद अंगाला लागती. डोळ्यात कशी गेली?"

"उडाली असंल."

तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि दाजींना म्हणाली, "गाडी काढा."

"ताई, उद्या मामा न्हाई तर कसं व्हायचं? लगीन हुईस्तवर थांबू."

"मामा मागं उभा नसला तरी लगीन लागंल," ती म्हणाली. "मामाच ऱ्हायला न्हाई, तर मी काय करू?" मग मी गुमान गाडीत बसलो.

दवाखान्यात नर्सने माझं तोंड निरखून विचारलं, "यातला पिवळा तुमचा कोणता?" ओल्या कापसाने तिने हळद पुसून काढली. खाली उरला तो माझा.

दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असताना ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन समोरच्या टेबलावर टेकवून ठेवला. नवरीच्या मागे तिने कुणालाच उभं केलं नव्हतं. तिथे एक खुर्ची, खुर्चीत मोबाईल आणि मोबाईलमध्ये मी. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझे तळहात पेटले. मी नकळत कराकरा खाजवायला लागलो. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरीच मागे वळली.

"मामा, खाजवू नको. हात खाली घे."

सगळा मांडव हसला. मला मात्र रडू आलं. शेवटची अक्षता पडेपर्यंत मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.